बोलण्याचा उपचार आणि चंचल मूल



एका जागी बूड न टेकणारे मूल प्रत्येक आळीत, प्रत्येक चाळीत आणि शाळेच्या प्रत्येक वर्गात असते. त्याला हाका मारावयास आपल्या भाषेत शब्दांची वाण नाही. द्वाड, व्रात्य, उपद्व्यापी, धसमुसळे असे कितीतरी शब्द आपल्या जिभेवर तयार असतात. मात्र त्याच्याशी बोलावे कसे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. आपण त्याला रागे भरतो, समजावतो, शपथा घालतो, आणि पाच मिनिटांनी ते पुन्हा खिडकीच्या गजावर चढलेले दिसते. गेल्या सव्वादोनशे वर्षांत अशा मुलाशी काय बोलावे, कोणी बोलावे आणि बोलून काय साधते, याविषयी जे विचार व जे प्रयोग झाले, त्यांचा इतिहास आज आपणापुढे मांडावयाचा आहे. मी वैद्य नव्हे, की मानसशास्त्राचा पदवीधरही नव्हे. परंतु कामगारांच्या सभांतून बोलण्यात ज्याची उमर गेली, त्याला एवढे उमगलेले असते की, बोललेले सगळेच ऐकले जात नाही आणि ऐकलेले सगळेच कृतीत उतरत नाही. या दोन पायऱ्यांमध्ये काय घडते, हाच या इतिहासाचा गाभा आहे.

या मुलाच्या जुन्या वैद्यकीय नोंदींपैकी एक अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश डॉक्टराने १७९८ साली केली. मनोविकारांवरील आपल्या ग्रंथात त्याने 'अवधान' या शक्तीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. काही माणसांना लहानपणापासूनच एका विषयावर मन ठरविता येत नाही, कुत्रे भुंकले किंवा दार आपटले एवढ्यानेही त्यांचा जीव कासावीस होतो, असे त्याने नमूद केले. वयाबरोबर ही अवस्था बहुधा कमी होत जाते, असेही तो सांगतो. त्याच्या लिहिण्यात मुलाला दोष दिलेला नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. दोष देण्याची रीत पुढे आली.

१८४४ च्या नाताळात फ्रांकफुर्टच्या हाइन्रिख हॉफमान या डॉक्टराने आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी चित्रांची आणि पद्यांची एक वही तयार केली. पुढील वर्षी ती छापून निघाली आणि जगभर गेली. नंतरच्या आवृत्तीत तिच्यात फिलिप नावाच्या एका चुळबुळ्या मुलाची भर पडली. जेवणाच्या टेबलाशी तो खुर्ची मागेपुढे झुलवीत बसतो. बाप दटावतो, आई मुकाट्याने पाहत राहते, आणि शेवटी खुर्ची उलटून टेबलावरचे कापड, ताटे, अन्न सगळे खाली येते. ती गोष्ट हसण्यासाठी लिहिली होती. परंतु तिच्यात बोलण्याचा जो नमुना आहे तो पुष्कळ घरांत आजही तसाच चालतो. बाप दुरून हुकूम देतो, मुलाच्या कानावर तो पडतो, पण हातापायापर्यंत पोहोचत नाही.

या सुमारास आणखी एक मोठी उलथापालथ चालू होती. इंग्लंडमध्ये १८७० च्या कायद्याने गावोगाव प्राथमिक शाळांची सोय होऊ लागली आणि १८८० मध्ये हजेरी सक्तीची झाली. शेतात, गोठ्यात, रस्त्यावर हुंदडणारी लक्षावधी मुले प्रथमच बाकावर तासन् तास बसविली गेली. त्यांचे बाप त्याच काळात कारखान्याच्या भोंग्यावर उठावयास आणि घड्याळावर जगावयास शिकत होते. शाळेने चंचलता निर्माण केली असे माझे म्हणणे नाही, कारण क्रायटनने ती शाळासक्तीच्या कितीतरी आधी पाहिली होती. पण गुरांमागे धावताना जे मूल चपळ ठरले असते, ते बाकावर वेडेविद्रे ठरू लागले. काळाने त्याच्यापुढे जी अट ठेवली, ती त्यालाच सर्वांत जड होती.

१९०२ च्या मार्च महिन्यात लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज फ्रेडरिक स्टिल या बालरोगतज्ज्ञाने तीन व्याख्याने दिली. बुद्धी शाबूत असूनही ज्यांना स्वतःला आवरता येत नाही, शिक्षा झाली तरी जी तोच अपराध पुन्हा करतात, अशा मुलांचे वर्णन त्याने केले. नैतिक संयमाचा अभाव असे त्याने या अवस्थेस म्हटले. तिच्या मुळाशी शरीरातील काही कारण असावे, असे त्याचे मत होते आणि तेथे तो काळाच्या पुढे होता. परंतु 'नैतिक' हा शब्द लोकांच्या तोंडी गेला की त्याचा अर्थ बदलतो. 'हे मूल वाईट आहे' एवढेच त्यातून उरते. मग त्याच्याशी बोलणे म्हणजे उपदेश करणे, आणि उपदेश फसला की छडी उचलणे, हा क्रम ठरून जातो.

आता बोलण्याच्या उपचाराकडे वळू. हे नाव एखाद्या डॉक्टराने दिलेले नाही, एका रुग्ण स्त्रीने दिलेले आहे. व्हिएन्नातील डॉक्टर योझेफ ब्रॉयर यांच्याकडे बर्था पापेनहाइम ही तरुणी १८८० नंतर उपचार घेत होती. मनातले बोलून टाकले की तिला उतार पडे. तिने स्वतःच त्या पद्धतीला इंग्रजीत 'बोलण्याचा उपचार' असे नाव दिले. १८९५ मध्ये ब्रॉयर आणि सिग्मंड फ्रॉइड यांनी आपल्या पुस्तकात तिची हकिगत टोपणनावाने छापली. हीच बर्था पुढे ज्यू स्त्रियांच्या चळवळीची मोठी कार्यकर्ती झाली आणि १९०४ मध्ये तिने त्यांची संघटना स्थापन केली.

हा उपचार मुलांवर प्रथम कसा वापरला गेला, हेही पाहण्याजोगे आहे. १९०९ साली फ्रॉइडने घोड्यांना भिणाऱ्या एका पाच वर्षांच्या मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. पण त्या मुलाशी रोज बोलत होता तो त्याचा बाप. तो टिपणे काढी आणि फ्रॉइडला कळवी. उपचाराच्या काळात फ्रॉइड स्वतः त्या मुलाला एकदाच भेटला. म्हणजे मुलाच्या मानसोपचाराच्या या पहिल्या प्रसिद्ध उदाहरणात बोलणारा माणूस घरचाच होता. पुढे ही गोष्ट पुष्कळ वर्षे दृष्टीआड झाली. अ‍ॅना फ्रॉइड आणि मेलानी क्लाइन यांनी मुलाच्या खेळातून त्याचे मन वाचण्याच्या पद्धती घडविल्या, त्यांतून पुष्कळ शिकावयास मिळाले. परंतु बंद खोली, एक तज्ज्ञ आणि एक मूल, ही चौकट त्यामुळे रूढ झाली. भीतीने किंवा दुःखाने ग्रासलेल्या मुलाला ती मानवते. जे मूल खोलीत दहा मिनिटे बसू शकत नाही, त्याच्यासाठी तीच चौकट अडचणीची ठरते. शिवाय मुलाच्या प्रत्येक वर्तनाचे मूळ आईच्या वागणुकीत शोधण्याची सवय या काळात जडली, आणि आधीच थकलेल्या आयांच्या डोक्यावर अपराधाचे नवे ओझे आले.

याच व्हिएन्नात निराळी वाट धरणारा आल्फ्रेड अ‍ॅडलर होता. पहिल्या महायुद्धानंतर त्या शहराचा कारभार समाजवाद्यांच्या हाती आला. त्यांनी कामगारांसाठी घरे बांधली, दवाखाने काढले आणि शाळा सुधारल्या. अ‍ॅडलर आणि त्याचे सहकारी यांनी तेथे मुलांसाठी सल्ला केंद्रे चालविली. शिक्षक, आईबाप आणि मूल यांना एकत्र घेऊन, कित्येकदा इतर शिक्षकांच्या समक्ष, तो बोलत असे. मुलाचा खोडकरपणा म्हणजे आपल्या माणसांत स्थान मिळविण्याची त्याची चुकीच्या दिशेने चाललेली धडपड आहे, असे त्याचे सांगणे. १९३४ मध्ये ऑस्ट्रियात समाजवाद्यांचा बळाने पाडाव झाला आणि ही केंद्रेही बंद पडली. मुलांच्या मनाचा प्रश्न राजकारणापासून अलिप्त असतो असे ज्यांना वाटते, त्यांनी हे पान अवश्य वाचावे.

आपल्या मुंबईचा धागा या इतिहासात येथेच येऊन मिळतो. अमेरिकेत विल्यम हीली यांनी १९०९ साली शिकागोत सुरू केलेल्या कार्यापासून बालमार्गदर्शनाची चळवळ वाढली. डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि घरी जाऊन चौकशी करणारा समाजकार्यकर्ता, या तिघांनी मिळून मुलाचा विचार करावयाचा, ही तिची घडण. क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने १९३६ साली नागपाड्यात सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले, तेच १९४४ पासून टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस म्हणून ओळखले जाते. तेथे १९३७ मध्ये देशातील पहिले बालमार्गदर्शन केंद्र उघडले. या कामाचा आरंभ श्रीमंतांच्या पेठेत न होता नागपाड्यासारख्या श्रमिकांच्या वस्तीत झाला, याचा मला अभिमान वाटतो.

त्याच १९३७ साली पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला बोलण्याचा एक प्रतिस्पर्धी जन्मास आला. अमेरिकेत ऱ्होड आयलंड संस्थानात ब्रॅडली दांपत्याने आपल्या मेंदूज्वराने पंगू झालेल्या मुलीच्या नावाने मुलांचे रुग्णालय काढले होते. तेथील डॉक्टर चार्ल्स ब्रॅडली यांनी मेंदूच्या तपासणीनंतर होणारी डोकेदुखी थांबविण्याकरिता मुलांना बेंझेड्रिन दिले. डोकेदुखीवर त्याचा विशेष उपयोग झाला नाही, परंतु काही मुलांचे शाळेतील काम एकाएकी सुधारले. म्हणून त्यांनी वर्तनाच्या तक्रारी असलेल्या ३० मुलांना ते देऊन पाहिले. निम्म्या मुलांत नजरेत भरणारा फरक पडला. पुढे १९४४ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत लेआंद्रो पानिझोन याने मेथिलफेनिडेट तयार केले. त्याची पत्नी मार्गरीट हिच्या 'रीटा' या लाडक्या नावावरून त्याला रिटालिन हे नाव पडले. १९५४ पासून ते बाजारात आले. गोळीने अर्ध्या तासात जे दिसते, ते बोलण्याने वर्षभरात दिसत नाही, मग बोलावे कशाला, असा सवाल आता उभा राहिला.

या सवालाचे उत्तर ज्या दिशेने आले ती दिशा मॉस्कोची होती. लेव्ह विगोट्स्की हा विलक्षण प्रतिभेचा मानसशास्त्रज्ञ १९३४ साली क्षयाने वारला, तेव्हा त्याचे वय अवघे ३७ होते. लहान मूल खेळताना स्वतःशीच मोठ्याने बोलते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. जिनिव्हाच्या झां पियाजे यांना त्यात बालमनाचा आत्मकेंद्रितपणा दिसला. विगोट्स्कीने त्याला निराळा अर्थ दिला. मोठी माणसे मुलाला सूचना देतात, मूल त्याच सूचना स्वतःला मोठ्याने देऊ लागते, मग पुटपुटते, आणि शेवटी ते बोलणे आत जाऊन विचार बनते. म्हणजे माणूस स्वतःला आवरतो तो आधी दुसऱ्याकडून ऐकलेल्या शब्दांनी. त्याचा सहकारी अलेक्झांडर लुरिया याने हे साध्या प्रयोगांनी पारखले. मुलाच्या हातात रबराचा फुगा द्यावयाचा आणि दिवा लागला की दाबावयास सांगावयाचे. तीन-चार वर्षांच्या मुलाला 'दाब' हा शब्द कृती सुरू करून देतो, पण 'दाबू नकोस' हा शब्द त्याला थांबवीत नाही. ते तोंडाने 'दाबू नको' म्हणते आणि उलट जोरात दाबते. शब्दाचा अर्थ हातावर राज्य करू लागतो तो पाच-साडेपाच वर्षांच्या सुमारास. लहान मुलाला 'थांब, थांब' म्हणून ओरडण्याने काय होते, याचे उत्तर त्या रबरी फुग्यात आहे.

१९७१ मध्ये कॅनडातील डोनाल्ड मायकेनबाउम आणि जोसेफ गुडमन यांनी या विचारावर एक उपचार उभा केला. आधी मोठा माणूस मुलासमोर एखादे काम करी आणि करताना मोठ्याने बोले : मला काय करावयाचे आहे? सावकाश करू. येथे रेघ चुकली, हरकत नाही, पुन्हा काढू. मग मूल तेच काम त्याच्या सांगण्यावर करी, नंतर स्वतः मोठ्याने बोलत, नंतर कुजबुजत, आणि शेवटी मनातल्या मनात. चूक मुद्दाम करून ती न रागावता दुरुस्त कशी करावी, हेही त्यात दाखविले जाई. कागदावरच्या कसोट्यांत उतावीळ मुले सुधारली. वर्गातील वागणुकीत मात्र लक्षणीय फरक पडला नाही, आणि हे त्या दोघांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवले.

मुलांच्या अडचणीचे नावही याच काळात बदलत गेले. अमेरिकेतील मनोविकारांच्या अधिकृत यादीत १९६८ साली ती अतिचंचलता होती. माँट्रियलच्या व्हर्जिनिया डग्लस यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले की, हातापायांच्या चाळ्यांपेक्षा लक्ष टिकविणे आणि उसळी आवरणे हीच या मुलांची खरी अडचण आहे. १९८० मध्ये अवधानाची उणीव नावात आली आणि १९८७ पासून आज प्रचलित असलेले एडीएचडी हे नाव रूढ झाले. दरम्यान स्वतःशी बोलण्याच्या शिकवणीवर अनेकांनी भिस्त ठेवली होती. १९८५ मध्ये हॉवर्ड अबिकॉफ आणि रेचेल गिटेलमन यांनी औषध घेणाऱ्या मुलांवर ती तपासली, तेव्हा तिने औषधात काही भर घातल्याचे आढळले नाही. असे का व्हावे? रसेल बार्कली यांनी त्याचा उलगडा असा केला की, या मुलाला काय करावे हे ठाऊक असते, त्याची अडचण ते ऐन वेळी करण्याची आहे. मंगळवारी संध्याकाळी दवाखान्याच्या खोलीत शिकविलेला शब्द बुधवारी सकाळी गणिताच्या तासाला त्याच्या मदतीला धावून येत नाही. मदत तेथेच हवी, जेथे घसरण होते.

या जाणिवेतून बोलण्याच्या उपचाराचा रोख वळला, आणि तो मुलाकडून मोठ्यांकडे वळला. अमेरिकेतील ऑरेगॉनमध्ये जेरल्ड पॅटर्सन यांनी घराघरांत जाऊन कुटुंबे न्याहाळली. आई सांगते, मूल हट्ट करते, आई आवाज चढविते, मूल आणखी किंचाळते, आणि दमलेली आई शेवटी सोडून देते. त्या क्षणी मुलाला कळते की किंचाळण्याने काम होते, आणि आईला कळते की सोडून दिल्याने शांतता मिळते. दोघेही एकमेकांचे शिष्य होतात. हे चक्र त्यांनी १९८२ च्या आपल्या ग्रंथात विस्ताराने मांडले. यात आई अपराधी नाही. ती एका फासात अडकलेली आहे आणि फास सोडविण्याची रीत शिकविता येते. एका वेळी एकच सूचना द्यावी, ती जवळ जाऊन द्यावी, पाळली की लगेच शाबासकी द्यावी, शिक्षा लहान आणि ठरलेली असावी. ऐकावयास या गोष्टी किरकोळ वाटतात, पण मरगळल्या अंगाने रात्री आठ वाजता त्या करून पाहाव्यात, म्हणजे त्यांची किंमत कळते.

गोळी आणि बोलणे यांची मोठी परीक्षा १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिकेत सात ते नऊ वर्षे वयाच्या ५७९ मुलांवर चौदा महिने ती चालली. काहींना काळजीपूर्वक औषध, काहींना आईबाप, शाळा आणि मूल यांच्याबरोबर वर्तनोपचार, काहींना दोन्ही, तर काहींना गावात मिळेल ती सेवा. चंचलता आणि लक्ष यांच्या बाबतीत औषधाने नुसत्या वर्तनोपचारावर मात केली. दोन्ही मिळालेल्या मुलांना मात्र कमी मात्रा पुरली, आणि त्यांच्या आईबापांचे समाधान अधिक होते. तीन वर्षांनी पाहिले तेव्हा चारही गटांतील फरक मावळला होता. कोणताही उपचार एकदा करून संपत नाही, एवढा धडा त्यातून निश्चित निघतो.

आज शहाणे वैद्य काय सांगतात? २०१८ च्या ब्रिटिश मार्गदर्शक सूचनांत पाच वर्षांखालील मुलांसाठी आईबापांचे गटशिक्षण हा पहिला उपाय ठरविला आहे. त्याहून मोठ्या मुलांच्या बाबतीत आधी घर आणि शाळा यांत बदल, मग गरज उरल्यास डॉक्टराच्या देखरेखीखाली औषध. आणि औषधाने गुण येऊनही ज्या किशोरांना अडचण उरते, त्यांच्यासाठी बोलण्याचा उपचार. त्यात मित्रांशी वागणे, प्रश्न सोडविणे, स्वतःला आवरणे, लक्ष देऊन ऐकणे, मनातले मांडणे यांवर भर असतो. म्हणजे बोलणे हद्दपार झालेले नाही, त्याला त्याची योग्य जागा मिळाली आहे. शिवाय वर्षानुवर्षे 'तू वाईट' असे ऐकलेल्या मुलाच्या मनावर जे वळ उठतात, ते गोळीने जात नाहीत. तेथे कोणीतरी त्याचे ऐकून घ्यावेच लागते.

आता आपल्याकडे पाहा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मारणे आणि मानसिक छळ करणे यांना मनाई केली. पहिली ते पाचवीपर्यंत तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाणही त्या कायद्यात लिहिलेले आहे. छडी गेली, ते उत्तमच झाले. पण छडीच्या जागी काय ठेवावे हे शिक्षकाला कोणी शिकविले? आईबापांना बारा आठवडे बोलावणारा उपचार कागदावर सर्वांसाठी असतो. तो दुपारी तीन वाजता असेल, तर दुसऱ्या पाळीच्या कामगाराने काय करावे? रोजंदारीवर जाणाऱ्या बाईने खाडा करून तेथे बसावयाचे, तर त्या दिवसाची चूल कोणी पेटवावी? शाळेतून चिठ्ठी आली म्हणून अर्ध्या दिवसाची रजा मागणारे आईबाप मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. त्यांना मुलाची पर्वा नसते हा आरोप खोटा आहे. त्यांच्याजवळ वेळ नसतो, आणि वेळ ही कामगाराच्या जगात विकत घ्यावी लागणारी वस्तू आहे.

म्हणून या इतिहासातून मी निष्कर्ष काढतो तो असा. चंचल मुलाशी बोलण्याचे शास्त्र आता बऱ्यापैकी तयार आहे. उपदेश आणि छडी यांनी ते साधले नाही, बंद खोलीतील अर्थशोधनाने फारसे साधले नाही, एकट्या मुलाला दिलेल्या शिकवणीने थोडे साधले. मुलाभोवतीच्या माणसांना एका बोलीवर आणले तेव्हा ते अधिक साधले. हे घडावयाचे तर त्या माणसांना एकत्र बसावयास जागा आणि वेळ हवा. पाल्याच्या शाळेत किंवा उपचारास जाण्यासाठी पगारी सवलत, संध्याकाळी उघडी राहणारी मार्गदर्शन केंद्रे आणि कायद्यात लिहिले आहेत तेवढे शिक्षक, या मागण्या मजुरीच्या मागण्यांइतक्याच रास्त आहेत. कामगार संघटनांनी त्या मांडाव्यात आणि आपल्यासारख्या नागरिकांनी त्यांना पाठिंबा द्यावा, एवढी विनंती आहे.